सौदीहून कायमचे परत येतायत, आता इथे काय?

ताई, सप्रेम नमस्कार.
खेड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. आमचे हे २१ वर्षं सौदीत, दम्मामला आहेत, सगळी वर्षं एकाच कंपनीत. एसी टेक्निशियन म्हणून गेले, आता सुपरवायझर आहेत. मूळ पगार २,४०० रियाल आणि घरभाडं वगैरे धरून ३,०००. कंपनीचं कंत्राट संपतंय, तीन महिन्यांत फायनल एक्झिट लावणार असं सांगितलंय. यांचं वय ४७. शिक्षण दहावी, आयटीआय नाही, काम सगळं हाताखाली राहून शिकले. मी ३९ वर्षांची, बारावी झालेली, गावच्या बचत गटाची सचिव आहे. मुलगी यंदा बारावीला, मुलगा आठवीत. घर बांधून झालंय, कर्ज नाही, बँकेत नऊ लाख आहेत.
धाकटे भाऊजी म्हणतात, दोघांत मिळून डंपर घेऊ. मुंबईचा एक एजंट यांना रोमानियाला पाठवतो म्हणतो, साडेतीन लाख मागतो. यांच्या खोलीतले केरळचे मित्र सांगतात की परत येणाऱ्यांना सरकार ३० लाखांपर्यंतच्या धंद्याला कर्ज देतं आणि १५ टक्के माफ करतं. इथे बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले, असलं काही नाही. खरं कोणाचं?
आणखी एक, लिहायला संकोच वाटतो. इतकी वर्षं हे दोन वर्षांतून दोन महिने यायचे. घर मी चालवलं. आता कायमचे येणार म्हटल्यावर आनंद व्हायला हवा, तर पोटात गोळा येतो. फोनवर हल्ली धड बोलत नाहीत. काही विचारलं की "आल्यावर बघू". मी काय करू?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते. केरळचे मित्र खोटं बोलत नाहीत आणि बँकेचे साहेबही खोटं बोलले नाहीत. ती योजना केरळ सरकारची आहे. केरळात परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ पासून वेगळं खातं आहे, नोर्का नावाचं. किमान दोन वर्षं परदेशात राहून परतलेल्या माणसाने धंदा काढला तर ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ते १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३ लाख रुपये अनुदान देतात, शिवाय पहिली काही वर्षं व्याजात ३ टक्के सवलत. पण ती मल्याळी माणसासाठी. एकाच खोलीत, एकाच कफीलकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे, एकवीस वर्षं राबलेले दोघे एकाच दिवशी विमानात बसले, तर कोचीला उतरणाऱ्यासाठी दार उघडं असतं आणि मुंबईला उतरणाऱ्याला ते दार शोधूनही सापडत नाही. गोव्यातसुद्धा अनिवासी गोवेकरांसाठी स्वतंत्र आयुक्तालय आहे, निवृत्त खलाशांना आणि त्यांच्या विधवांना राज्य पेन्शन देतं. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून तीन पिढ्या आखातात गेल्या. गावोगावच्या शाळा, रस्ते, मशिदी, देवळं त्यांच्या पैशावर उभी राहिली. परतलेल्यांसाठी नोर्काइतका हात गावापर्यंत पोचलेलं खातं आपल्या राज्यात असायला हवं होतं. ही मागणी तुमच्या आमदारांकडे जरूर करा, गावातल्या आणखी दहा घरांना घेऊन करा. पण तुमच्या घरचा निर्णय त्या मागणीवर थांबवून ठेवू नका.

केंद्राचं म्हणाल, तर २०२० मध्ये कोविडच्या वेळी परतणाऱ्यांची 'स्वदेस' नावाने कौशल्य नोंदणी झाली होती. माहिती कंपन्यांपर्यंत पोचवायची एवढाच तिचा हेतू होता, हातात पैसे देणारी ती योजना नव्हती. म्हणून मी तुम्हाला एक गोष्ट पक्की धरायला सांगेन. सरकार तुमच्या यजमानांना 'सौदीहून परतलेले' म्हणून काही देणार नाही. जे मिळेल ते इथला रहिवासी, इथला कामगार, इथली उद्योजक म्हणून मिळेल, आणि ते काही थोडंथोडकं नाही. त्यासाठी त्यांनी विमानात बसण्यापूर्वी तिकडची कामं उरकायला हवीत आणि उतरल्यावर लवकरात लवकर इथल्या कागदांवर यायला हवं. तुमच्या हातात तीन महिने आहेत.

पहिलं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हिशेब. सौदीत परदेशी कामगाराला पेन्शन नाही, त्यामुळे नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी हीच एकवीस वर्षांची पुंजी. तिथला कामगार कायदा सांगतो की पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण एक पगार, तोही शेवटच्या पगारावर. म्हणजे पाच वर्षांचे अडीच आणि सोळा वर्षांचे सोळा, मिळून साडेअठरा पगार. आता इथे नीट लक्ष द्या. ३,००० रियाल धरले तर ५५,५०० रियाल होतात, तेरा लाख रुपयांच्या आसपास. कंपनीने नुसता मूळ पगार २,४०० धरला तर ४४,४०० होतात. फरक ११,१०० रियालचा, म्हणजे आपले अडीच लाखांच्या आसपास. हिशेब प्रत्यक्ष पगारावर व्हायला हवा, दरमहा ठरलेले भत्ते धरून. म्हणून मागच्या वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचा उतारा आणि किवा या तिथल्या सरकारी प्रणालीवर नोंदलेला करार, या सगळ्याचे फोटो त्यांना आजच काढून ठेवायला सांगा आणि एक प्रत तुमच्या मोबाइलवर मागवा. कंपनीचा सिमकार्ड, कंपनीचा फोन शेवटच्या आठवड्यात काढून घेतात आणि त्यातले कागदही जातात, हे अनेक घरांत झालेलं मी ऐकलं आहे.

काही ठिकाणी माणसाकडून राजीनामा लिहून घेतात, "तुझ्याच सोयीसाठी" म्हणून. दहा वर्षांवर नोकरी झालेल्याला राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी पूर्ण मिळते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण कंपनी काढत असेल तर कागदावर तसंच लिहिलेलं असावं, कारण नोटिशीच्या काळाचे पैसे त्यावर ठरतात. कंपनीने नोकरी संपवली तर एका आठवड्यात हिशेब द्यायचा असतो. परतीचं तिकीट कंपनीचं. न घेतलेल्या रजेचे पैसेही मागायचे. "सगळं मिळालं, काही येणं नाही" अशा अरबी कागदावर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही करायची नाही, आणि वाचता येत नसेल तर वाचून देणारा आपला माणूस शेजारी हवा.

आणि रजेवर म्हणून येऊन पुन्हा न जाण्याचा मोह नको. "आता जाऊ दे, हिशेब मागून पाठवतील" या आशेवर आलेल्यांचा हिशेब मागून येत नाही. दावा करायला तिथे बारा महिन्यांची मुदत असते खरी, पण खेडमध्ये बसून दम्मामच्या कंपनीशी भांडणं फार अवघड. तिथे असतानाच आधी कामगार खात्याच्या तडजोड कार्यालयात तक्रार होते, तिथे न मिटल्यास कामगार न्यायालय. त्याच वेळी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. ती इथून तुम्हीही नोंदवू शकता. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११ ३०९० आहे.

पैशाइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. कामगाराने मागितल्यास तो फुकट देणं मालकाला बंधनकारक आहे. पण "अमुक माणूस आमच्याकडे होता" एवढ्या एका ओळीचा दाखला इथे काहीच कामाचा नाही. पद, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या प्रकारची यंत्रं सांभाळली, चिलर की डक्ट की शीतगृह, हाताखाली किती माणसं, हे सगळं इंग्रजीत, लेटरहेडवर, शिक्क्यासह हवं. दहावीनंतर सगळं हाताने शिकलेल्या माणसाचं एकवीस वर्षांचं शिक्षण त्या एका पानात असतं. मसुदा त्यांनी स्वतः लिहून साहेबांसमोर ठेवावा, म्हणजे मिळणं सोपं जातं.

पैसे आणताना दोन गोष्टी पाळा. ग्रॅच्युइटी आधी त्यांच्या तिथल्या बँक खात्यात जमा होऊ द्या आणि ते तिकडे असतानाच बँकेमार्फत इथे पाठवा. हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या माणसामार्फत पाठवून, दोन पैसे जास्त सुटतात म्हणून त्या वाटेला जाऊ नका. उद्या कर्जाला बसलात की बँक विचारणार, हे पैसे आले कुठून, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. बाहेर कमावून, बाहेरच्या खात्यात घेऊन मग इथे आणलेल्या कमाईवर इथे आयकराची भीती नाही. मात्र ते कायमचे परतले की एनआरई खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं, तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते साधं खातं करून घ्या. मुदत ठेव मोडायची गरज नसते, ती ठरलेल्या व्याजाने मुदतीपर्यंत चालते, पण परतल्यानंतरच्या व्याजावर कर लागू होतो. खात्याचं नाव न बदलता वर्षानुवर्षं तसंच चालवणारे पुष्कळ आहेत. नोटीस आली की त्यांची धावपळ बघवत नाही.

आता कामाबद्दल. डंपरचं मला अजिबात पटत नाही, ताई, आणि भाऊजींबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमच्या यजमानांनी आयुष्यात डंपरचा धंदा केलेला नाही. टायर, डिझेल, ड्रायव्हर, खडीचे दर, परवाने, बुडालेली बिलं, यातलं त्यांना काहीच ठाऊक नाही. आखातातून परतलेल्याचे पैसे बहुतेक वेळा अशाच धंद्यात जातात, जो दुसऱ्या कुणाला माहीत असतो आणि पैसे मात्र याचे असतात. शिवाय भावाभावांतली भागीदारी मोडली तर पैशाबरोबर घरही दुभंगतं. नकार तुम्ही देऊ नका, त्यांनीच द्यावा, आणि तिकडून निघण्यापूर्वी द्यावा. "आल्यापासून वर्षभर मी पैसे कशातच घालणार नाही" हे एकच वाक्य भाऊजींना, मामांना, गावातल्या सगळ्यांना पुरेल.

त्यांना जे येतं त्याची किंमत तुमच्या परिसरात किती आहे, याचा विचार तुम्ही दोघांनी केलेला दिसत नाही. तुमच्यापासून जवळ लोटे-परशुरामची एमआयडीसी आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांना चिलिंग प्लांट लागतात, ते चोवीस तास चालतात आणि रात्री दोन वाजता बंद पडतात. दापोलीच्या बाजूला मुरूड, कर्दे, लाडघर, खाली गुहागर, सगळीकडे रिसॉर्ट झालेत आणि प्रत्येक खोलीत एसी. हर्णै बंदराला बर्फ लागतो. आंबा पिकवायच्या खोल्या, काजू आणि मासळीची शीतगृहं आहेत. किनाऱ्यावरच्या एसीचं दुखणं काय असतं ते तुम्ही पाहिलं असेल. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडतात, हात लावला की भुगा होतो, मग कॉइलला बारीक भोक पडून गॅस जातो. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो, दोन महिन्यांत पुन्हा तेच. दम्मामही समुद्रकाठी आहे आणि तिथे खाऱ्या हवेत वाळूची भर. यंत्र तिथे कसं जगवायचं, कॉइलला कोणता लेप द्यायचा, किती दिवसांनी गोड्या पाण्याने धुवायचं, हे त्यांनी एकवीस वर्षं केलंय. किनाऱ्यावरच्या वीस रिसॉर्टांची वर्षाच्या देखभालीची कंत्राटं हा त्यांचा धंदा होऊ शकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फाच्या कारखान्यांना मोठी दुरुस्ती काढायला सवड असते. एरवी एसीवाल्यांचा पावसाळा रिकामा जातो, त्यांचा भरेल.

पण लगेच दुकान नको. मी त्यांच्या जागी असते तर आधी वर्षभर नोकरी केली असती, लोट्यात किंवा एखाद्या चिलर कंत्राटदाराकडे. पगार ऐकून धक्का बसेल, तो पचवायला लागेल. तिकडे सुपरवायझर होते, इथे पंचवीस वर्षांचा इंजिनिअर त्यांना सांगेल. तरी ते वर्ष वाया जात नाही. इथले सुटे भाग कुठे मिळतात, दर काय, उधारी कशी चालते, विजेचं व्होल्टेज किती दगा देतं, हे पगार घेऊन शिकता येतं. वर्ष संपल्यावरही नोकरी टिकवायची का, हे ठरवताना एक गोष्ट बघा, ती वयाची आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत ५८ व्या वर्षापर्यंत किमान १० वर्षं वर्गणी भरलेली असावी लागते. ते ४७ चे आहेत. पुढच्या वर्षभरात हा निधी कापणाऱ्या नोकरीला लागले आणि नोकरी टिकवली तर दहा वर्षं भरतात, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे गेली तर भरत नाहीत. नव्याने लागणाऱ्याला या पेन्शनमध्ये घेताना मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांची मर्यादा बघतात, तेव्हा हजर होतानाच कंपनीला विचारून घ्या. रक्कम मोठी नसेल, पण आयुष्यभराची असेल, आणि त्यांच्यामागे तुम्हालाही मिळेल.

आयटीआयचा कागद नाही म्हणून कारखान्याच्या दारातून परत पाठवलं तर 'पूर्वज्ञानाची मान्यता' असा एक मार्ग कौशल्य विकास खात्याने ठेवला आहे. अनुभवी माणसाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात त्यासाठी विचारा. पीएम विश्वकर्माबद्दल गावात कुणी सांगितलं असेल, पण त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार, गवंडी, शिंपी, लोहार आहेत, एसी दुरुस्ती नाही. त्यासाठी चकरा मारू नका. इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी मात्र बघण्यासारखी आहे, मुलांच्या शिक्षणाला तिथून मदत मिळते. वर्षात ९० दिवस बांधकामाच्या कामाचा दाखला लागतो आणि ते दिवस इथलेच लागतात, तिकडे आयुष्यभर इमारतींना एसी बसवले तरी ते धरत नाहीत.

आता तुमच्याकडे येते. धंदा काढायची वेळ येईल तेव्हा अर्ज तुमच्या नावाने करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, ग्रामीण भागातल्या खुल्या वर्गातल्या पुरुषाला २५ टक्के अनुदान असतं, स्त्रीला ३५ टक्के. स्वतःचा वाटा पुरुषाला १० टक्के, स्त्रीला ५. दहा लाखांचा प्रकल्प असेल तर तुमचे ५०,००० आणि अनुदान साडेतीन लाख. सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंत प्रकल्प चालतो, वयाची वरची मर्यादा नाही. दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, त्यामुळे घर गहाण ठेवा म्हणाले तर लेखी मागा. अनुदान हातात येत नाही हे मात्र समजून घ्या. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे बाजूला ठेवलेलं असतं, धंदा चालू आहे याची पाहणी झाली की कर्जात वळतं होतं. नवरा-बायकोपैकी एकालाच मिळतं. आणि प्रकल्प नवाच असावा लागतो. आधी दुकानाचा फलक लावून, बिलं फाडून मग अर्ज केलात तर बाद होतो. जिल्हा उद्योग केंद्र रत्नागिरीला आहे. यंदाचा लक्ष्यांक शिल्लक आहे का, हे तिथे आधी विचारा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तेच कार्यालय बघतं, दोन्हींच्या आजच्या अटी समोर ठेवून निवडा.

नावापुरता अर्ज करा असं मी म्हणत नाही. तुम्ही बचत गटाच्या सचिव आहात. बँकेत तुम्हाला ओळखतात, हप्ते वेळेवर गेलेले त्यांनी पाहिलेत. तुमच्या यजमानांचा मात्र इथल्या बँकांकडे कर्जाचा कसलाच इतिहास नाही, एकवीस वर्षं ते त्यांच्या दृष्टीने नव्हतेच. यंत्र त्यांनी बघावं. कंत्राटं, बिलं, वसुली, जीएसटी तुम्ही बघावं. कोकणात धंदा कामाने बुडत नाही, वसुलीने बुडतो. आणि वसुली तुम्हाला येते.

तुमच्यासाठी आणखी एक, आणि याला मुदत आहे. अटल पेन्शन योजनेत ४० व्या वर्षापर्यंतच शिरता येतं. त्यांचं वय गेलं, तुमचं आहे. ३९ व्या वर्षी महिन्याला १,३१८ रुपये भरले तर साठीनंतर दरमहा ५,००० मिळतात. आयकर भरणाऱ्याला घेत नाहीत, तुम्ही भरत नसाल तर या महिन्यातच बँकेत जा. ते परतले की शिधापत्रिकेवर त्यांचं नाव आहे ना, ई-केवायसी झाली ना, आधारवरचा मोबाइल चालू आहे ना, एवढं बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आता सगळ्या रंगांच्या शिधापत्रिकांना आहे. आल्या आल्या साखर, रक्तदाब, मूत्रपिंड तपासून घ्या. पन्नास अंशांत कमी पाणी पिऊन काम केलेल्या शरीराची ही तपासणी पुढे ढकलू नये.

रोमानियाबद्दल दोनच वाक्यं. परदेशी पाठवणाऱ्या एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो आणि त्याने कामगाराकडून घ्यायची फी कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. साडेतीन लाख मागणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

पोटात गोळा येतो म्हणालात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. लग्नाला अठरा-वीस वर्षं झाली तरी तुम्ही दोघं सलग वर्षभर एका घरात राहिलेला नाहीत. घरातला प्रत्येक निर्णय तुम्ही घेतलात, मुलांच्या शाळेपासून घराच्या स्लॅबपर्यंत. आता त्या घरात दुसरा कर्ता माणूस येतोय आणि तोही हक्काने. भीती वाटणारच. आणि त्यांचं "आल्यावर बघू" हे तुमच्यावरच्या रागाने नसावं असं मला वाटतं. दर महिन्याला पैसे पाठवणारा माणूस, गावात ज्याच्या नावाला वजन आहे, तो तीन महिन्यांनी रिकाम्या हाताने ओटीवर बसणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. "पुढे काय करणार" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही, म्हणून ते प्रश्नच टाळतात. तुम्ही तो विचारू नका. त्याऐवजी कामाचं विचारा. कोणती यंत्रं, कुठे बसवली, कोण माणसं हाताखाली आहेत. दाखल्याचा मसुदा दोघं मिळून फोनवर लिहा. स्वतःच्या कामाबद्दल माणूस मोकळा बोलतो, मग बाकीचंही येतं.

आल्यावर पहिले दीड-दोन महिने बरे जातात, पाहुणचार असतो. कठीण असतो तिसरा महिना. पाहुणे थांबतात, पैसे बाहेर जाताना दिसतात, आत काही येत नाही, आणि रिकामा माणूस मग घरातल्या बारीकसारीक खर्चावर बोलायला लागतो. मुलांनाही ते जड जातं, कारण त्यांच्यासाठी वडील म्हणजे चॉकलेटं नि सुट्टी. तुमच्या मुलीची बारावी नेमकी त्यातच येते. म्हणून त्यांच्या येण्यापूर्वी घरखर्चाची वही स्वच्छ लिहून ठेवा, मागच्या वर्षाची, महिन्यावार. आल्यावर पहिल्या आठवड्यात ती त्यांच्यापुढे ठेवा. कुठल्याही आढ्यतेशिवाय, हिशेब द्यायचा म्हणून नव्हे, दोघांना एकच आकडा माहीत असावा म्हणून. वर्षाचा घरखर्च आणि मुलीच्या पुढच्या प्रवेशाचे पैसे वेगळ्या ठेवीत टाका, दोघांच्या नावाने. पाकीट पूर्ण त्यांच्या हाती देऊन तुम्ही मागे सरू नका, आणि सगळं स्वतःकडे ठेवून त्यांना पाहुण्यासारखंही वागवू नका. काही कामं पूर्ण त्यांची करा. मुलाची शाळा, पालकसभा. ती ते तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करतील, सुरुवातीला चुकतीलही. करू द्या. घराबाहेरची तुमची कामं मात्र बंद करू नका. "आता हे आलेत, गट कशाला" असं कुणी म्हणेलच, कदाचित तेही म्हणतील. बचत गट सोडायचा नाही, ताई. तुमच्या नावावर मिळणारं कर्ज त्या ओळखीवरच उभं आहे आणि तुमचं मनही.

आज रात्री फोन आला की पगाराच्या चिठ्ठ्या आणि करार एवढंच मागा. हिशेबाचा कागद कंपनीने हातात दिला की सही करण्यापूर्वी त्याचा फोटो मला पाठवा, आकडे मी पडताळून देते. उद्योग केंद्रात जाल तेव्हा प्रकल्प अहवालाचा कच्चा मसुदाही पाठवा.